'हसल' म्हणजे नेमकं काय, आणि प्रोफाइलमध्ये 'हसलर' लिहावं का

तुझा प्रश्न वाचून आधी हसलो, शब्दच तसा आहे. ऑक्टोबरमध्ये एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, अमेरिकेत येतोयस, प्रोफाइलमध्ये स्वतःला 'हसलर' लिहिलंयस आणि विचारतोयस की दादा, तिकडे सगळेच साइड हसल, म्हणजे नोकरीशिवायचा जोडधंदा, करतात म्हणे, तर मीपण वीकेंडला डिलिव्हरी ॲपवर गाडी चालवू का.

गाडीचं आधी सांगतो. नको, अजिबात नको. एच-वन-बीवर ज्या कंपनीने तुझी पिटिशन (व्हिसासाठीचा सरकारकडचा अर्ज) भरली तिचंच काम करायचं असतं, दुसरीकडे करायचं तर त्या दुसऱ्यांनी वेगळी पिटिशन भरायला लागते आणि डिलिव्हरी ॲपवाले काय तुझ्यासाठी ते करत बसणार नाहीत. चार पैशांसाठी व्हिसाचं स्टेटस घालवशील आणि पुढे ग्रीन कार्डच्या वेळी ते भूत वर येईल. ऑफिसात लोक अगदी प्रेमाने सांगतील की साइड हसल सुरू कर, पण ते इथले सिटिझन, त्यांना आपल्या व्हिसाची कटकट माहीतच नसते. शेअर्समध्ये पैसे गुंतव, ते चालतं. आणि विद्यार्थी म्हणून कोणी मित्र येत असेल तर त्यालाही सांग, एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तास, बाहेर काम करायचं तर वेगळी परवानगी.

आता शब्द. मूळ डच, अर्थ हलवणं, खुळखुळवणं. टोपीत नाणी खुळखुळवून फेकायच्या एका जुन्या जुगाराला इंग्लंडमध्ये 'हसल-कॅप' म्हणायचे. मग धक्काबुक्की, मग घाईगडबड, आणि अमेरिकेत येईपर्यंत लोकांना गंडवून पैसे काढणं हाही अर्थ चिकटला. वेश्याव्यवसायाला पण हाच शब्द वापरतात, म्हणून प्रोफाइलमध्ये लिहिताना जरा दमाने.

मी नवीन असताना टाइम्स स्क्वेअरला एकाने हातात सीडी कोंबली, म्हणाला फ्री आहे, नाव काय तुझं, त्यावर माझं नाव पण लिहिलंन मार्करने. मी थँक्यू म्हणून निघालो तर दोन दोस्त समोर उभे, 20 डॉलर दे. दिले! सोमवारी ऑफिसात सांगितलं तर कलीग म्हणाला, यू गॉट हसल्ड. आणि त्याच आठवड्यात मुलीच्या सॉकर प्रॅक्टिसला कोच मैदानाच्या कडेने ओरडतोय, हसल, हसल! मी म्हटलं हा पोरांना फसवायला शिकवतोय की काय. तर तिथे अर्थ असा की बॉल हातचा गेला तरी त्याच्यामागे जीव तोडून पळा. मुलगी शेवटी धापा टाकत आली तेव्हा तिला म्हणाला, ग्रेट हसल, आणि ती अशी खूष.

बेसबॉलमधल्या पीट रोझला तर 'चार्ली हसल' म्हणायचे, इतका पळायचा, आणि 1989 मध्ये सट्टा लावला म्हणून त्याच्यावरच बंदी आली. दोन्ही अर्थ एकाच माणसात.

आपल्याकडे 'उद्योग' आहे बघ, उद्योगी मुलगा म्हटलं की कौतुक आणि 'काय उद्योग करून ठेवलेस' म्हटलं की तू मेलास. 'खटपट्या' पण तसाच. कोण कोणाला आणि कुठल्या सुरात म्हणतंय त्यावर सगळं. मॅनेजर म्हणाला आय लाइक युअर हसल, तर शाबासकी समज, पण तेच तो दर शुक्रवारी संध्याकाळी नवीन काम देताना म्हणायला लागला तर वीकेंड गेला समज.

स्वतःबद्दल मात्र लिहू नकोस. दुसऱ्याने म्हटलं तर ठीक, स्वतः 'मी फार खटपट्या आहे' असं आपण छापून देतो का? त्याजागी तू ते रात्रभर बसून बिलिंगचं सॉफ्टवेअर वेळेत उभं केलंस म्हणालास ना, ते लिही, दोन ओळीत. आणि बदललंस की मला पाठव, इंग्रजी बघून देतो.