पिंक फ्लॉइडचे गाजलेले अल्बम ऐकून झाले. आता दुर्लक्षित राहिलेला कोणता ऐकावा?

'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स', १९७२. 'डार्क साइड ऑफ द मून' आणि 'विश यू वर हिअर' तोंडपाठ आहेत, पण त्याआधीच्या वीस-वीस मिनिटांच्या रचनांमध्ये जीव रमत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग हाच घ्या. दहा रचना, एकूण चाळीस मिनिटं, आणि सगळ्यात लांब रचनाही सहा मिनिटांच्या आत.

हा एका फ्रेंच चित्रपटाचा साउंडट्रॅक. दिग्दर्शक बार्बे श्रोडरच्या 'मोर' (More) या चित्रपटाला या ब्रिटिश रॉक बँडने १९६९ मध्ये संगीत दिलं होतं, त्यानेच 'ला व्हाले' या पुढच्या चित्रपटासाठी पुन्हा बोलावलं. मेलबर्नमधल्या फ्रेंच वाणिज्यदूताची बायको दुर्मीळ पिसांच्या शोधात न्यू गिनीच्या डोंगरांत जाते आणि नकाशावर 'ढगांनी झाकलेली' एवढीच नोंद असलेल्या दरीच्या नादी लागते, अशी गोष्ट. अल्बमचं नाव तिथलंच. चित्रपट कंपनीशी बिनसल्यामुळे बँडने चित्रपटाचं नाव टाळून हे घेतलं, आणि मग चित्रपटवाल्यांनी आपल्याच नावाला हे कंसात जोडून टाकलं!

ऐकण्याआधी हा अल्बम कसा झाला ते माहीत असलेलं बरं, नाहीतर काही गोष्टी खटकतात. पॅरिसजवळच्या शातो देरुव्हिल नावाच्या जुन्या हवेलीत स्टुडिओ होता (एल्टन जॉनच्या 'हाँकी शातो'च्या नावातला शातो तो हाच). तिथे फेब्रुवारीअखेर एक आठवडा, मग जपानचा दौरा, परत येऊन मार्चअखेरचे काही दिवस, एवढ्यात ध्वनिमुद्रण संपलं. एप्रिलच्या सुरुवातीला लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत मिक्सिंग. त्या वेळी 'डार्क साइड' मैफिलींत वाजायला लागलं होतं, पण त्याचं रेकॉर्डिंग सुरू व्हायचं होतं. कामाची पद्धत अशी: चित्रपटाचा कच्चा कट बघायचा, स्टॉपवॉचने प्रसंग मोजायचा आणि त्या मापाचा तुकडा रचायचा. त्यामुळे आता कुठे रंग चढतोय म्हणेपर्यंत गाणं फेड होतं. फ्लॉइडकडून लांबलचक आलापीची अपेक्षा ठेवणाऱ्यांना हे अर्धवट वाटतं. मला मात्र हेच आवडतं. घोळवायला वेळ नव्हता, म्हणून प्रत्येक गाण्यात एकच कल्पना आहे आणि ती नीट मांडलेली आहे.

पहिला ट्रॅक फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्याचा पाया म्हणजे व्हीसीएस ३ या सिंथेसायझरची खालच्या सुरातली सलग घरघर. छोट्या स्पीकरमधून ती जवळपास गायब होते, नुसती गिटार उरते आणि इथे काहीच घडत नाही असं वाटतं. बरा हेडफोन लावला की घरघर, तिच्यावर ड्रमर निक मेसनचे इलेक्ट्रॉनिक ड्रम्स आणि त्यावर डेव्हिड गिल्मूरची गिटार, असे थर वेगळे कळतात. शफल बंद ठेवा.

मूळ तबकडीच्या पहिल्या बाजूला सहा रचना, दुसरीला चार. तिसरी 'बर्निंग ब्रिजेस' आणि सहावी 'मडमेन' एकदा लागोपाठ ऐका: चाल तीच. आधी कीबोर्डवादक रिक राइट आणि गिल्मूर ती गातात, नंतर शब्द काढून तीच वाद्यांवर फिरवलीय. चौथं 'द गोल्ड इट्स इन द...' सरधोपट रॉक आहे. वगळलंत तरी फार बिघडत नाही.

वेळ कमी असेल तर तीन गाणी. 'वॉट्स... अ द डील' हे अकूस्टिक गिटारवरचं, गिल्मूरच्या मऊ आवाजातलं. मध्ये राइटचा पियानो आहे, तो चुकवू नका. 'चाइल्डहुड्स एंड' संपलं की लगेच 'डार्क साइड'मधलं 'टाइम' लावा. ठोक्यांत आणि गिटारच्या वळणांत नातं लगेच ऐकू येईल. याचे शब्दही गिल्मूरचे आहेत, आणि त्यानंतर बँडच्या गाण्यासाठी त्याने शब्द लिहिले ते थेट १९८७ च्या अल्बमसाठी. तिसरं 'फ्री फोर': टाळ्या वाजवत चाललेली खुशालचेंडू चाल, आणि शब्दांत म्हातारपण, मरण, युद्धात गेलेला बाप. हे शब्द लिहिणाऱ्या, बँडच्या बेसवादक रॉजर वॉटर्सचे वडील १९४४ मध्ये इटलीत आंझिओला मारले गेले. 'द वॉल' आणि 'द फायनल कट' या नंतरच्या अल्बममध्ये सगळं व्यापून टाकणारा हा विषय इथे सव्वाचार मिनिटांत येऊन जातो. अमेरिकेतल्या एफएम रेडिओने हे गाणं बऱ्यापैकी वाजवलं, तरी अल्बम तिथे ४६ व्या क्रमांकापुढे सरकला नाही. ब्रिटनमध्ये सहावा होता. पुढच्याच वर्षी 'डार्क साइड' आलं आणि याच्याकडे बघायला कुणाला सवड राहिली नाही.

शेवटचं 'अ‍ॅब्सोल्यूटली कर्टन्स' मध्येच बंद करू नका. कीबोर्डचे सूर विरले की न्यू गिनीतल्या मापुगा लोकांचं सामूहिक गाणं सुरू होतं आणि अल्बम त्यावरच संपतो.

आवृत्ती कोणती? २०११ चं रीमास्टर पुरेसं आहे. मिक्स १९७२ चंच, फक्त साफ केलेलं. २०१६ चं 'द अर्ली इयर्स' संचातलं रूप रीमिक्स आहे, म्हणजे वाद्यांचा तोल नव्याने बसवलेला. ते दुसऱ्यांदा ऐकायला ठेवा. जुनी तबकडी घेणार असाल तर पहिल्या ब्रिटिश आवृत्तीचा क्रमांक एसएचएसपी ४०२० (रेकॉर्ड कंपनी हार्वेस्ट) आणि कव्हरचे कोपरे गोल. चित्र धूसर दिसलं म्हणून छपाई वाईट समजू नका; कव्हर करणाऱ्या हिप्नोसिस या डिझाइन कंपनीने चित्रपटातली फ्रेम मुद्दामच फोकसबाहेर नेली आहे, झाडावर बसलेला माणूस आहे तो.

चित्रपट मात्र आधी बघू नका. नेस्तोर अल्मेन्द्रोसचं छायाचित्रण बघण्यासारखं आहे, पण गाणी तुकड्यातुकड्यांनीच येतात. त्यापेक्षा निक मेसनच्या बँडचा २०२० चा 'लाइव्ह अ‍ॅट द राउंडहाउस' आधी ऐका. त्यात पहिले दोन ट्रॅक जोडून वाजवलेत, आणि 'चाइल्डहुड्स एंड'ही आहे.