फोन काढून घ्यायच्या आधी पोरासोबत बसून डायमंडचे रुपये करून बघा

खानापूरच्या ताई, तुम्ही विचारलंय की आठवीतल्या मुलानं दीड महिन्यात तुमच्या फोनवरून ४,३०० रुपये गेममध्ये घातले, तर फोन काढून घ्यायचा काय, आणि हा जुगारच झाला की नाही. मी वडगावात मोबाइलचं दुकान चालवतो, नऊ वर्षं झाली, गेममध्ये पैसे भरायचे रिडीम कोड मीच विकतो आणि रात्री स्वतः पण खेळतो, त्यामुळं जरा लांब लिहितोय, सगळं वाचा.

पहिलं म्हणजे पोरगं बिघडलंय असं मनात आणू नका. समोर जे दुकान मांडलंय ते मोठ्या माणसाला पण आवरत नाही.

माझ्या भाच्याचं सांगतो, शहापूरला असतो, नववीत. दिवाळीत त्याच्या गेममध्ये एक चाक आलं, डायमंड देऊन फिरवायचं आणि नशिबात असेल ती वस्तू घ्यायची. डायमंड म्हणजे गेममधलं चलन, खरे रुपये देऊन घ्यायचं. चाकावर दहा वस्तू, त्यातल्या नको असलेल्या दोन आपणच काढून टाकायच्या, म्हणजे सगळं आपल्याच हातात आहे असं वाटतं. राहिल्या आठ. पहिली फेरी ९ डायमंडला, मग १९, ३९, ६९, ९९, १४९, १९९ आणि शेवटची ४९९. जी वस्तू मिळाली ती चाकावरून जाते, त्यामुळं दर फेरीला पोराला वाटतं आता आलंच की जवळ, आणि त्याला पाहिजे असतो तो ड्रेस काय शेवटपर्यंत पडत नाही. आता बेरीज करा, १,०८२ होते. आणि टॉप-अपला पॅक केवढ्याचा, तर १,०६० चा, ८०० रुपयाला. बरोब्बर २२ कमी! हे चुकून झालंय असं मला कुणी सांगू नये. नुसते २२ मिळत नाहीत, १०० चा पॅक ८० रुपयाला घ्यावाच लागतो, मग ७८ उरतात, आणि ते ७८ खात्यात पडून राहतात ते पुढचं चाक येईपर्यंत. तेव्हा पोरगं म्हणतं, ७८ आहेतच की, थोडेच घालायचेत.

मी त्याला रागावलो नाही. बिलबुकाच्या मागं त्यालाच लिहायला लावलं, फेरी, डायमंड, रुपये. ८८० आले. त्याचे बाबा मागावर कापड विणायला जातात, दोन दिवसांची मजुरी झाली ती. गणितात हुशार आहे पोरगं, पण गेममध्ये रुपया दिसतच नाही हो, निळे खडे दिसतात नुसते. बराच वेळ कागदाकडं बघत बसला आणि मग हळूच म्हणाला, "मामा, शेवटच्या एका फेरीलाच चारशे गेले की." तेवढं त्याच्या तोंडून आलं ते मी दहा वेळा ओरडून पण आलं नसतं.

दुसरी गोष्ट मित्रांची. फुकटातल्या कपड्यात लॉबीत, म्हणजे खेळाआधी सगळे जमतात तिथं गेलं की "नूब आला", म्हणजे नवशिका आला म्हणतात आणि स्क्वॉडमधून, टीममधून काढतात. पोरं बंदुकीच्या रंगाला पैसे घालत नाहीत, चारचौघांत उभं राहता यावं म्हणून घालतात. कंपन्यांना हे चांगलं माहीत आहे. अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीला २०१७ मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळालं, त्यात नवख्या खेळाडूला मुद्दाम भारी हत्यारवाल्यासमोर आणायचं म्हणजे त्याला पण ते घ्यावंसं वाटेल, अशी पद्धत लिहिलेली आहे. कुठल्या गेममध्ये वापरलं नाही असं कंपनी म्हणाली, पण डोकं कुठल्या दिशेनं चालतंय ते बघा.

जुगाराचं म्हणाल तर बेल्जियमनं २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या लूट बॉक्सना, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या डब्यांना, सरळ जुगार ठरवलं. जपाननं एक प्रकारचा गाचा, म्हणजे तिकडची नशिबानं वस्तू काढायची सोडत, त्याच्याही आधी, २०१२ मध्येच बंद पाडला. दक्षिण कोरियात २०२४ ला नेक्सॉन या गेम कंपनीला ११६० कोटी वॉनचा दंड झाला, कारण वस्तू निघायची शक्यता खेळणाऱ्यांना न सांगता कमी केली होती. आणि फोर्टनाइटवाल्या एपिक गेम्सला अमेरिकेत २४.५ कोटी डॉलर गिऱ्हाइकांना परत द्यायला लागले, बटणं अशी ठेवलेली की स्लीप मोडमध्ये गेलेली गेम जागी करताना पण खरेदी व्हायची. आपल्याकडं २०२५ ला ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा आला त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर आहे. चाकातून ड्रेस निघतो, तो विकून रुपये येत नाहीत, म्हणून त्या कायद्याच्या भरवशावर बसू नका. माझं मत विचाराल तर जुगारच आहे, फक्त यात जिंकलं तरी पैसे परत नाहीत.

गेम उडवायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. खातं ईमेलला जोडलेलं असतं, मित्राच्या फोनवर पाच मिनिटात परत चालू होतं आणि मग तुम्हाला काहीच कळणार नाही. एकदम पैसे तोडले की पोरं "फ्री डायमंड"च्या लिंका शोधतात आणि तिथं खातं पण जातं आणि ओटीपी दिला तर बँकेतले पण, हे माझ्या काउंटरवर रडत आलेले दोघं बघितलेत मी. तसं काही झालंच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा.

तुम्ही एवढं करा. यूपीआय पिन आज बदला, दूधवाल्याला पैसे पाठवताना पोरगंच मदत करतं त्यामुळं त्याला तो पाठ असतो. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा, आणि तिथं बोटाचा ठसा चालत असेल तर पोराच्या बोटाची नोंद फोनमधून काढा, हे बरेच जण विसरतात. नंतर पेमेंट हिस्टरी उघडून त्याच्या शेजारी बसा आणि त्यालाच वहीत उतरवायला सांगा, आरडाओरडा नको. महिन्याला काय थोडं द्यायचं असेल तर ते रोख द्या, नोट हातातून गेली पाहिजे. भाच्याला मी महिन्याला शंभर देतो, गेल्या दोन महिन्यात त्यानं कोड घेतलेला नाही.

आणि हे आधी करा, शेवटची खरेदी होऊन ४८ तास झाले नसतील तर प्ले स्टोअरवर रिफंड मागता येतो. तारीख बघा आणि अडलं तर स्क्रीनशॉट टाका, खातं नंबर झाकून.