सीमेपलीकडचा ‘सचिव’

अक्कलकोटच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: “आमच्या घरी कन्नड बातम्याही लागतात. आपण ज्याला पालकमंत्री म्हणतो, त्याला विजयपूरकडे ‘जिल्हा उस्तुवारी सचिव’ म्हणतात. पण सचिव म्हणजे अधिकारी ना? मग कोणाचं चुकतंय?”

कोणाचंच नाही. संस्कृतात ‘सच्’ म्हणजे सोबत असणं. सचिव म्हणजे सोबती, आणि त्यावरून राजाचा सल्लागार, मंत्री. आपल्याकडेही तसंच होतं. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत अण्णाजी दत्तो सचिव होते आणि दत्ताजी त्रिंबक मंत्री. म्हणजे दोघेही एकाच पंक्तीतले प्रधान. कन्नडनं तो जुना अर्थ जपला आणि सेक्रेटरीसाठी ‘कार्यदर्शी’ घेतला. आपण मंत्री हा शब्द लोकांनी निवडून दिलेल्यांना दिला आणि सचिव अधिकाऱ्याला.

ही वाटणी नीट कळते ती कुठलाही शासन निर्णय हातात घेतला की. खाली छापलेलं असतं, ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’, आणि सही असते उपसचिवाची किंवा कार्यासन अधिकाऱ्याची. राज्यघटनेच्या कलम 154 नुसार राज्याचा कार्यकारी अधिकार राज्यपालांच्या ठायी आहे, म्हणून कलम 166 प्रमाणे प्रत्येक आदेश त्यांच्या नावानं निघतो. मात्र ते चालतात कलम 163 मधल्या मंत्रिपरिषदेच्या सल्ल्यानं, आणि ही परिषद विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. म्हणजे नाव राज्यपालांचं, निर्णय मंत्र्यांचा, सही अधिकाऱ्याची. निर्णय चुकला तर विधानसभेत उत्तर द्यायला मंत्र्यानंच उभं राहायचं, सचिवानं नाही. म्हणून मराठीत हे दोन शब्द वेगळे ठेवणं मला फार मोलाचं वाटतं.

आता ‘उस्तुवारी’. हा शब्द मूळचा फारसी, आणि आपल्याला परका नाही. माझी आजी बाळंतिणीची ‘उस्तवार’ करायची, म्हणजे खाणंपिणं, शेकशेगडी, रात्रीची जाग, सगळं मनापासून बघायची. कन्नडमध्ये तोच शब्द कारभाराची देखरेख या अर्थानं रुळला.

पालकमंत्री हे पद राज्यघटनेत नाही, पण जिल्ह्यात त्याचं वजन मोठं. जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष तोच, 15 ऑगस्टला मुख्यालयी झेंडावंदन करणार तोच. उजनीच्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार हे ज्या कालवा सल्लागार समितीत ठरतं, तिथेही अध्यक्षस्थानी तोच, त्यामुळे उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीसाठी अख्ख्या जिल्ह्याचे डोळे त्याच्याकडे लागतात. (ही ‘पाळी’ मात्र ‘पालक’च्या घरातली नव्हे. ती ‘पालि’ म्हणजे ओळ, रांग यावरून आली.)

‘पालक’ हा शब्द मला खटकतो. पालक म्हटलं की समोर लेकरू आलं, आणि जिल्ह्यातली मतदार माणसं लेकरं नाहीत. ‘उस्तवार’ म्हटलं की करणाऱ्याच्या अंगावर काम येतं. आपण टाकून दिलेला हा शब्द शेजाऱ्यांनी थेट मंत्र्याच्या पदनामात बसवला, याचा मला आनंद वाटतो.

तेव्हा घरी कन्नड बातमी मराठीत सांगताना ‘सचिव’ला मंत्री म्हणा, आणि ‘मुख्य कार्यदर्शी’ आले की मुख्य सचिव.