मराठीची शिक्षिका व्हायचंय? आधी रविवारचा गठ्ठा उचल

पत्र : मी तासगाव तालुक्यातली. बी.ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जानेवारीत साताऱ्याच्या साहित्य संमेलनाला मैत्रिणींबरोबर गेले होते, तिथून परत येतानाच ठरवलं की बी.एड. करून शाळेत मराठी शिकवायचं. बी.एड.ची सीईटीही (प्रवेश परीक्षा) दिली. पण मधे अभ्यासासाठी सांगलीत मामेबहिणीकडे राहिले. ताई एका विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवते. सोमवारी ती रडकुंडीला आलेली असते, गुरुवारी तिच्याएवढं खूश कोणी नसतं, शनिवारी सकाळची शाळा करून आली की जेवून आडवी होते आणि रविवारी वह्यांचा गठ्ठा घेऊन बसते. आत्या निवृत्त शिक्षिका, ती म्हणते याच्यासारखी सुखाची नोकरी नाही. पप्पांना गावातला एक जण सांगतोय की थोडे पैसे भरले तर संस्थेत चिकटवून देतो. ते बागेवर कर्ज काढायला निघालेत. प्रवेशफेरीत नाव घालू का?

उत्तर : तू ताईचा आठवडा वारांसकट लिहून पाठवलास, हे फार बरं केलंस. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत ‘मला शिकवायची आवड आहे’ एवढंच असतं आणि त्यावर काय सांगणार, असा प्रश्न पडतो. तुझ्या पत्रात बोलायला मुद्दे आहेत.

आत्या आणि ताई दोघीही खरं बोलतायत. आत्या अनुदानित शाळेत लागली ती १ नोव्हेंबर २००५ च्या कितीतरी आधी, म्हणजे जुन्या पेन्शनवाली. तिचेही सोमवार वाईट गेले असणार, पण एक तारखेला पगार जमा झाला की सोमवार विसरायला होतो. ताईला ती सोय नाही. त्यामुळे तिच्या रडण्यातलं कामाचं किती आणि पगाराचं किती, हे आधी वेगळं करून बघू.

कामाचं बघायचं तर सगळं येऊन थांबतं वह्यांवर. हिशेब मांड. तीन तुकड्या, एकेका तुकडीत पंचावन्न मुलं, झाल्या १६५ वह्या. एका निबंधाला चार मिनिटं दिली, आणि चार मिनिटं म्हणजे नुसती नजर टाकणं झालं, तरी अकरा तास. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या शिक्षकाचे आठवड्याला ४५ तास धरलेत, तयारीचे तासही त्यातच. प्रत्यक्षात ऑफ तास असला की त्यावर बदली तास येऊन बसतो आणि वह्या पिशवीतून घरी. गणिताच्या सरांना उत्तर बघून बरोबर की चूक ते कळतं. मराठीत स्वमत, रसग्रहण, उपयोजित लेखन असलं सगळं. पंचावन्न मुलांची पंचावन्न उत्तरं आणि प्रत्येक उत्तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय गुण देता येत नाहीत. दहावीच्या मराठीची, म्हणजे कुमारभारतीची, लेखी कृतिपत्रिका (प्रश्नपत्रिका) ८० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचं. त्या वीस गुणांचीही कागदपत्रं बाईंनीच ठेवायची.

ताई सोमवारी का कातावते ते आता कळेल. रविवारी तपासलेल्या वह्या ती सोमवारी वाटते. पोरं गुण बघतात आणि वही दप्तरात कोंबतात. लाल शाईने भरलेलं पान कोणी वाचत नाही. पुढच्या निबंधात ‘आणि’ पुन्हा ‘आनि’. माणूस रडेल नाही तर काय.

यावर उपाय आहे आणि तो तुझ्या घरच्या बागेतलाच आहे. द्राक्षाची विरळणी करताना पप्पा घडातले सगळेच मणी ठेवत नाहीत. मोजके ठेवतात, म्हणजे ते फुगतात. निबंध तसा तपासायचा. या आठवड्यात फक्त विरामचिन्हं बघणार, पुढच्या आठवड्यात फक्त परिच्छेद, हे मुलांना आधी सांगून टाकायचं. निम्मी तुकडी या आठवड्यात, निम्मी पुढच्या. वही परत देताना एक वाक्य सगळ्यांसमोर फळ्यावर लिहून दुरुस्त करायचं, ते मात्र मुलं बघतात. अकरा तासांचे चार-पाच तास होतात. काही मुख्याध्यापकांना वहीत लाल शाई कमी दिसली की खटकतं, त्यांच्याशी आधीच बोलून घ्यावं लागतं. हे बी.एड.ला फारसं शिकवत नाहीत, ज्येष्ठ बाईंकडून शिकायचं.

दुसरा भार वेळापत्रकात कुठेच दिसत नाही. शाळेत मराठीची बाई म्हणजे निवेदिका, अहवाल लेखिका, मानपत्र लिहिणारी, पाहुण्यांची ओळख करून देणारी आणि शेवटी आभार मानणारीही तीच. मुख्याध्यापकांचं भाषण कोण लिहितं? स्नेहसंमेलनाची बातमी पेपरला कोण पाठवतं? १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, जानेवारीतला भाषा पंधरवडा, २७ फेब्रुवारी, मधल्या सगळ्या जयंत्या आणि पुण्यतिथ्या, प्रत्येक वेळी ‘बाई, तुम्ही बघा जरा’. पहिली दोन वर्षं याचा मान वाटतो, तिसऱ्या वर्षी कपाळावर आठी येते. नाही म्हणायला शिकणं शक्य आहे, पण नवीन माणसाला ते पहिल्या दिवशी जमत नाही, हे गृहीत धर. बुधवार-गुरुवारपर्यंत घसा बसतो, तोही हिशेबात धर.

आता गुरुवार. ताई गुरुवारी खूश का असते ते तू लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे. बहुतेक त्या दिवशी तिचा एखादा तास मोकळ्या वाचनाचा किंवा लेखनाचा असणार, कृतिपत्रिकेच्या बाहेरचा.

आपल्या सांगली जिल्ह्यात या तासाला जी मजा येते ती पुण्या-मुंबईच्या शाळेत क्वचित येईल. जतच्या पूर्व भागातलं घरी कन्नड बोलणारं पोर ‘बाई, खुर्ची मोडलं’ म्हणतं. वर्ग हसतो. ज्या बाईला माहीत असतं की कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या एकाच लिंगात बसतात, ती हसत नाही. त्या पोराने स्वतःच्या भाषेचा नियम इमानदारीने लावलेला असतो. बाई त्यालाच फळ्यापाशी बोलावते, कन्नडमध्ये कसं म्हणतात ते वर्गाला सांगायला लावते, आणि मग खुर्ची ‘ती’, पंखा ‘तो’, टेबल ‘ते’ हे मराठीचं सगळं विचित्र प्रकरण पोरांसमोर उघडं पडतं. त्या दिवशीचा व्याकरणाचा तास कुणाला जड जात नाही.

खानापूर-आटपाडीकडच्या शाळांत आणखी एक प्रकार. गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात बाहेरच्या राज्यात वाढलेला मुलगा आठवीला एकदम गावाकडे परत येतो. घरात अस्सल माणदेशी मराठी, तोंडात हिंदी आणि तिकडची भाषा, आणि मराठी लिहायचं म्हटलं की हात थबकतो. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेली मुलं चार-पाच महिने वर्गात बसतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, की निघून जातात. या मुलांकडून चार वाक्यं लिहून घेणं हे भाषेच्या शिक्षकाचं खरं काम, आणि त्यातलं एखादं वाक्य असं येतं की बाई ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवतात. तो ताईचा गुरुवार.

म्हणून तुला विचारतो. संमेलनात पुस्तकांच्या स्टॉलवर तुला कळली ती वाचकाची आवड. छान लिहिलेलं मराठी कोणालाही आवडेल. शाळेत मात्र आठवडाभर तुझ्या हातात येणार ते घाईत लिहिलेलं, अर्धवट, शेजारच्याचं बघून उतरवलेलं मराठी. ते वाचताना तुला कंटाळा येतो, राग येतो, की ‘याला म्हणायचं काय आहे’ हे शोधावंसं वाटतं? तिसरं असेल तर फॉर्म भर. पहिलं किंवा दुसरं असेल तर एम.ए. कर, संपादन, अनुवाद, मुद्रितशोधन या वाटा बघ. तिथेही मराठी चांगलं असलेल्या माणसाला काम आहे, पैसा बेताचा आहे. प्राध्यापकीसाठी नेट-सेट करायची तर जरूर कर, पण महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढणारे तुझ्याही ओळखीत असतीलच.

स्वतःची परीक्षा घ्यायची सोपी पद्धत आहे. बी.एड.मध्ये दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत काढावे लागतात, पण ते फी भरल्यानंतर. त्याआधीच ताईकडून एका रविवारी एका तुकडीचा गठ्ठा माग. पेन्सिलने तपास, गुण देऊ नकोस, प्रत्येक वहीखाली एक ओळ लिही. दुपारचं जेवण झाल्यावर उरलेल्या वह्या पुन्हा हातात घ्याव्याशा वाटतात का ते बघ. हे सलग तीन-चार रविवार कर. एका रविवारी सगळ्यांनाच उत्साह असतो.

आता पैसा. ताईला तीन गोष्टी विचार : शाळेला अनुदान किती टक्के, तिला वैयक्तिक मान्यता (नेमणुकीला शिक्षण खात्याची मंजुरी) आहे का, शालार्थ क्रमांक (सरकारी पगाराच्या ऑनलाइन यादीतला) मिळालाय का. उत्तरं ‘नाही’ अशी आली तर तिची रड कामाची कमी आणि पगाराची जास्त. अनुदानित माध्यमिक शाळेत रीतसर लागलेल्याला आधी तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून १८,००० रुपये मानधन (प्राथमिकला १६,०००, उच्च माध्यमिकला २०,०००), त्यानंतर बी.एड. पदवीधराला सातव्या वेतन आयोगात ३८,६०० रुपये मूळ वेतन आणि वर भत्ते. विनाअनुदानितमध्ये संस्था देईल तो पगार.

मराठीच्या जागा निघणार का? मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, त्यावर भाषणं भरपूर झाली, पण त्याने शाळेत जागा तयार होत नाही. जागा ठरते संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे सरकार ठरवतं त्यात, आणि ती पटावर, आणि गावोगावचा पट इंग्रजी माध्यमाकडे चाललाय. दुसऱ्या बाजूने २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत, सीबीएसई-आयसीएसईतसुद्धा, मराठी सक्तीचं झालं, त्यामुळे त्या शाळांना मराठीची बाई लागतेच. सांगली-मिरज, कराड, साताऱ्यात अशा शाळा वाढल्यात. पगार मात्र कायम होण्याच्या अटीसकट लेखी मागून घे.

सरकारी आणि अनुदानित शाळांचा रस्ता पवित्र या शिक्षक भरतीच्या पोर्टलवरून जातो. पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते. सहावी ते आठवीचा पेपर दोन १५० गुणांचा, त्यातले ३० गुण बालमानसशास्त्राचे, ६० दोन भाषांचे आणि आणखी ६० गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्राचे. म्हणजे मराठीच्या जोरावर पेपर निघत नाही, इतिहास-भूगोल काढून बस. पास व्हायला खुल्या गटाला ६० टक्के, आरक्षित गटांना ५५. त्यानंतर भरतीसाठीची टेट, २०० गुणांची अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. त्यात तुझ्या विषयाचा स्वतंत्र पेपरच नाही. नववी-दहावीला टीईटीची अट नाही, तरी देऊन ठेव, प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने तर निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या, पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलंय. पन्नाशीकडे झुकलेले गुरुजी तुझ्या शेजारच्या बाकावर दिसले तर हसू नकोस.

राहिला गावातला तो ‘चिकटवून देणारा’. याबद्दल मी दोन्ही बाजू मांडत बसणार नाही. बागेवर कर्ज काढून पैसे द्यायचे नाहीत. पैसे घेणारा पावती देत नाही, आणि पोर्टलबाहेरची नेमणूक मान्यतेला अडकली की ना पगार सुरू होतो ना पैसे परत मिळतात. नागपूर विभागातलं बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण २०२५ मध्ये बाहेर आलं; तिथे ज्यांचा पगार सुरूही झाला होता तेसुद्धा चौकशीत सापडले. एका वर्षी अवकाळीने बाग झोडपली तर हप्ता कुठून भरायचा, हे पप्पांना मी सांगायला नको. त्यापेक्षा तो पैसा तुझ्या बी.एड.ला आणि टीईटी-टेटच्या तयारीला लागू दे.

प्रवेशफेरीत नाव घाल. नाव घातलं म्हणजे प्रवेश घेतलाच पाहिजे असं नाही, आणि फेरी लागेपर्यंत तुझे तीन-चार रविवार होऊन जातील. महाविद्यालय निवडताना इमारत बघू नकोस. सराव पाठांसाठी कोणत्या शाळा मिळतात आणि मराठीचे मेथड मास्तर (विषय कसा शिकवायचा ते शिकवणारे) पाठ बघायला स्वतः मागच्या बाकावर बसतात का, हे तिथल्या मागच्या वर्षीच्या मुलींना विचार. आणि हे पत्र पप्पांना वाचायला दे. सगळं नाही वाचलं तरी चालेल, वरचा बागेवरच्या कर्जाचा परिच्छेद तेवढा वाचून घे त्यांच्याकडून.