गव्हावरची शेवटची बुरशीनाशक फवारणी: कधी परवडते, कधी नाही

जानेवारी अर्धा सरला की एकच विचारणा मराठवाड्यात पाथरी, अंबड, वसमत, औसा अशा सगळीकडून येऊ लागते. गहू निसवलाय (ओंब्या बाहेर पडल्यात), पहाटे दव पडतंय, मधूनच आभाळ येतंय, आणि कृषी सेवा केंद्रावर सांगितलं जातंय की "एक बुरशीनाशक घेऊनच टाका, दाण्याला चमक येते." घ्यायचं की नाही? आलेल्या प्रश्नांपैकी काही शेतकऱ्यांच्याच शब्दांत खाली दिले आहेत.

साहेब, १२ नोव्हेंबरचा पेरा आहे. ओंबी पूर्ण बाहेर पडली. रोग काहीच दिसत नाही, पण सुरक्षा म्हणून एक हात मारून घ्यावा का?

रोग दिसत नसेल तर नको. पंजाब-हरियाणाकडं पिवळा तांबेरा येतो (तांबेरा म्हणजे भुकटीचे पुरळ आणणारा बुरशीचा रोग). त्याला लागणारी लांबलेली थंडी आणि ओल तिकडं असते. तिकडचे व्हिडिओ पाहून आपली फवारणी ठरवू नका. आपल्याकडं येतो तो पानावरचा नारंगी तांबेरा, आणि क्वचित खोडावरचा काळा. या दोन्हींची बुरशी आपल्या उन्हाळ्यात शेतात टिकत नाही. निलगिरी आणि पलनीच्या डोंगरांवर थंड हवेत ती वर्षभर जगते आणि तिथून तिचे बीजाणू (बुरशीचं धुळीसारखं बी) दर हंगामात वाऱ्यावर इकडं येतात, हे डॉ. के. सी. मेहता यांनी स्वातंत्र्यापूर्वीच दाखवून दिलं होतं. त्यामुळं एखाद्या साली तांबेरा लवकर येतो, एखाद्या साली उशिरा, तर एखाद्या साली नावालाच. बीजाणू आले तरी पान काही तास सलग ओलं राहिल्याशिवाय ते रुजत नाहीत. मग कॅलेंडर बघून फवारणी कशी ठरणार? ती पीक बघूनच ठरवावी लागते.

बघायचं म्हणजे धुऱ्यावरून नजर टाकायची नाही. दव सुकल्यावर आत शिरा, वावरात पाच-सहा ठिकाणी थांबा आणि प्रत्येक ठिकाणी दहा-बारा काड्यांची फक्त वरची दोन पानं उलटसुलट बघा. सगळ्यात वरचं, ओंबीच्या खाली असतं ते ध्वजपान. ते, त्याच्या खालचं पान आणि खुद्द ओंबी, दाणा भरण्याचं बहुतेक काम हे तिघंच करतात. तळाची पानं या दिवसांत पिवळी पडून वाळणारच, तो पिकाच्या वयाचा भाग आहे. त्यांच्यासाठी औषध आणू नका. वरच्या पानावर नारंगी-तपकिरी बारीक पुरळ दिसले तर त्यावरून अंगठा दाबून फिरवा. अंगठ्याला विटकरी भुकटी लागली तर तांबेरा. काहीच लागलं नाही तर तो करप्याचा ठिपका असेल, खताचा चटका असेल किंवा पाण्याचा ताण असेल. ही पाहणी दाण्यात चीक (दुधासारखा रस) भरेपर्यंत दर चार दिवसांनी करा. तिला एक रुपया लागत नाही.

माझा लोक-१ आहे. फुलोरा चालू आहे. वरून दुसऱ्या पानावर पुरळ आलेत, अंगठ्याला भुकटी लागते. आता?

आता थांबू नका. तांबेऱ्याला बळी पडणारं लोक-१ वाण, फुलोऱ्याची वेळ, वरच्या पानांपर्यंत पोचलेला रोग आणि पहाटेचं दव हे चारही जुळून आले आहेत. अशा वेळी फवारणीचे पैसे निघतात. रोज धुकं-दव असेल तर पुरळाची पुढची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते, आणि तुमच्या दाण्याचा सगळा भराव अजून पुढंच आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पानाचा जो भाग पुरळानं खाल्ला तो औषधानं परत हिरवा होत नाही. तुम्ही वाचवताय ते अजून चांगलं असलेलं पान, मुख्यतः ध्वजपान.

बुरशीनाशक प्रोपिकोनॅझोल २५ टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं पातळ औषध), एक लिटर पाण्यात १ मिली. एकरी २०० लिटर पाणी आणि २०० मिली औषध. घोटाळा होतो तो इथंच. "पंपाला १५ मिली" एवढं ऐकून माणूस घरी येतो आणि एकराला सहा पंपांत उरकतो. म्हणजे एकराला ९० मिली गेलं, निम्म्याहून कमी. वर पाणीही निम्म्याहून कमी. पानं नीट भिजली नाहीत, रोग हटला नाही, आणि मग औषध बोगस ठरतं. पंधरा लिटरच्या पंपानं एकराला तेरा पंप लागतात, तेवढे मोजून मारा. अंग मोडतं हे खरं आहे, पण सहाच पंप मारायचे असतील तर ते औषध न आणलेलं बरं. आणि पंप कोणता वापरताय तेही बघा. गव्हातल्या रुंद पानाच्या तणासाठी ज्या पंपानं २,४-डी मारलं असेल, तो साबणाच्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा. गव्हाला काही होणार नाही, पण नंतर तोच पंप हरभऱ्यात नेलात तर शेंडे पिळवटतील.

आता हिशेब. औषध, मजुरी आणि चालताना पायाखाली मोडणारा गहू मिळून समजा एकरी हजार रुपये खर्च आला, आणि गहू क्विंटलला २५०० रुपयांनी गेला. मग फवारणीनं एकराला किमान ४० किलो गहू वाचवला पाहिजे, तेव्हा कुठं बरोबरी. फुलोऱ्यात ध्वजपानावर तांबेरा चढत असेल तर तेवढं सहज वाचतं. तीच फवारणी पंधरा-वीस दिवसांनी केली तर वाचत नाही. आकडे तुमच्या भावानं बदलून घ्या, रीत तीच.

तुषार संचावर गहू असलेल्यांसाठी एक जास्तीची सूचना. रात्रीच्या पाळीत वीज येते म्हणून रात्रभर नोझल फिरत राहतात. त्यानं पान संध्याकाळपासून सकाळपर्यंत ओलं राहतं, दव पडो न पडो. रोग दिसत असेल त्या आठवड्यात शक्य झालं तर दिवसाच्या विजेवर पाणी द्या, म्हणजे सूर्य मावळायच्या आत पान कोरडं होईल. फवारल्यावर लगेच तुषार चालू करू नका, औषध धुऊन जाईल. वीज कधी येते ते आपल्या हातात नाही, हे मलाही कळतं.

दाण्यात चीक भरून तो घट्ट व्हायला लागलाय. तांबेरा भरपूर आहे, आणि पानाच्या खालच्या बाजूला काळे ठिपके पडलेत. रोग फारच वाढला का? कडक औषध सांगा.

कडक औषध सांगत नाही, कारण आता कोणतंच लागू पडणार नाही. काळे ठिपके पाहून बरेच जण घाबरतात. पीक पिकायला लागलं आणि ऊन तापलं की तांबेऱ्याची बुरशी नारंगी पुरळ सोडून काळे धरते. तिचाही हंगाम संपत आल्याची ती खूण आहे. खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याचंही शेवटी तसंच होतं.

दुसरं कारण तारखेचं आहे. प्रोपिकोनॅझोलच्या लेबलवर गव्हासाठी फवारणी आणि काढणी यांत ३० दिवसांचं अंतर दिलेलं असतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलेला गहू आपल्याकडं मार्चच्या पहिल्या आठवड्याला काढणीला येतो. तिथून महिनाभर मागं या: फेब्रुवारीचा पहिला आठवडा, पीक ८०-८५ दिवसांचं, दाणा नुकता चिकात. म्हणजे लेबलची हद्द आणि फवारणी परवडण्याची हद्द जवळपास एकाच ठिकाणी येते. त्यापुढं मारलेलं औषध पिकाला उपयोगी पडत नाही, उलट दाण्यात आणि काडात उतरायची भीती. काड जनावरांना जातं. लेकरं धुऱ्यावर जाळ करून ओंब्या भाजून खातात, त्या तर महिना संपायची वाटही बघत नाहीत. फवारलेल्या वावरातल्या ओंब्या कुणाला देऊ नका.

तिसरी बाब उन्हाची. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात परभणी-नांदेडकडं दुपारचा पारा ३२-३३ च्या वर जाऊ लागतो, दव कमी होतं आणि तांबेऱ्याचा वेग आपोआप पडतो. त्या वेळी दाणा बारीक राहतो तो बहुतेक उष्णतेनं आणि पाणी कमी पडल्यानं, पण दोष लावला जातो बुरशीला. चिकाच्या वेळचं, ८०-८५ दिवसांचं पाणी चुकवलेलं असेल तर बुरशीनाशकाचे पैसे डिझेलला लावा. जायकवाडीच्या किंवा पूर्णेच्या कालव्याची पाळी लांबली असेल तर विहिरीचं हलकं पाणी द्या. वारं पडलेलं असताना द्या, नाहीतर ओंबीच्या भारानं गहू लोळतो.

कापूस उशिरा मोडला, त्यामुळं गहू १० डिसेंबरला पेरला. आता शेजारच्या वावरात तांबेरा आहे, माझ्यात थोडा दिसतोय. माझा तर अजून पोटरीत आहे, ओंबी बाहेर पडायचीय.

हा प्रश्न अवघड आहे, म्हणून हो किंवा नाही असं एका शब्दात सांगत नाही. तुमचं पीक वयानं लहान आहे आणि शेजारचा रोग तयार आहे, म्हणून धोका शेजाऱ्यापेक्षा तुम्हाला जास्त. दुसरीकडं तुमचा दाणा भरायचा तो ऐन उन्हात, मग उत्पादनाची कमाल आधीच खाली आलेली. थोड्या उत्पादनावर तोच खर्च बसवायचा आहे. तेव्हा आधी वाण आठवा. उशिरा पेरणीसाठी शिफारशीचं, तांबेऱ्याला प्रतिकारक असं फुले समाधान (एनआयएडब्ल्यू १९९४) पेरलं असेल तर आठवडाभर नुसतं बघत राहा. घरचं लोक-१ असेल, वरच्या पानांवर पुरळ चढत असतील आणि सकाळी चालताना पँट अजून दवानं भिजत असेल, तर ध्वजपान पूर्ण उघडल्यावर एकच फवारणी करा. १८-२० फेब्रुवारीनंतर मात्र नाही. पहाटेचं दव थांबलं असेल तर त्याआधीही नको.

पानं चिकट झालीत, वर काळी काजळी दिसते. बुरशीच ना?

बुरशी आहे, पण ती मूळ दुखणं नाही. पान उलटं करा, ओंबीच्या बेचक्यात बघा, मावा सापडेल. त्याच्या गोड चिकट स्रावावर ती काळी बुरशी वाढते. बुरशीनाशकानं मावा मरत नाही. लाल ठिपकेदार ढालकिडे भरपूर फिरत असतील तर काहीच मारू नका, तेच काम उरकतात.

यासोबतच विचारलं जातं ते काही ओंब्यांत दाण्याऐवजी काळी भुकटी निघण्याबद्दल. ती काणी. ती बियाण्यातूनच आलेली असते, उभ्या पिकावर कितीही फवारलं तरी जात नाही. त्या ओंब्यांवर हळूच पिशवी घालून काढा, जाळा, आणि त्या वावरातलं बी पुढच्या साली ठेवू नका.

अवकाळी झाला. गहू पिवळा पडलाय, दहा-बारा दिवसांत काढायचा होता. दाणा काळा पडू नये म्हणून फवारू का?

नाही. पिकलेल्या दाण्याचं टोक काळं पडतं ते ओल धरून राहिल्यानं, आणि तिथपर्यंत औषध पोचत नाही. पोचलं तरी ते खायच्या गव्हात राहील. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीनं मराठवाड्यातला रब्बी झोडपला होता, तेव्हाही लोक लोळलेल्या गव्हावर पंप घेऊन उतरले होते. पाणी साचलं असेल तर चर काढून बाहेर काढा, दोन उन्हं लागली की आधी लोळलेला भाग कापा, उभा नंतर. मळणी वेगळी करा, पोती वेगळी ठेवा. भिजलेला माल चांगल्यात मिसळला की बाजारात सगळ्यालाच भिजलेल्याचा भाव लागतो. विमा असेल तर नुकसानीची सूचना लगेच द्या आणि कापायच्या आधी फोटो काढून ठेवा.

दुकानदार म्हणतो, गेल्या साली ज्यांनी मारलं त्यांना एकरी दोन पोती जास्त झाली. खोटं आहे का?

खोटं असेलच असं नाही. ज्यानं फवारणी केली त्यानं खतही वेळेवर दिलं असेल, पाणीही पाचव्यांदा दिलं असेल. दोन पोती कशामुळं वाढली हे दुकानदाराला सांगता येत नाही, मलाही नाही. तुम्हाला मात्र स्वतःच्या वावरात कळू शकतं. फवारायचं ठरलंच तर वावराच्या मधोमध दोन सारे (पट्टे) न फवारता कोरे सोडा, दोन्ही टोकांना काठ्या रोवा. धुऱ्याकडचे सारे घेऊ नका, तिथं झाडाची सावली आणि जनावरांचं तोंड दोन्ही लागतं. कापणीला ते दोन सारे आणि शेजारचे फवारलेले दोन सारे वेगळे बांधा, मळणीयंत्र आलं की वेगळे काढा आणि काट्यावर वजन करा. फरक किलोत लिहून ठेवा, सोबत वाण, पेरणीची तारीख आणि फवारणीची तारीख. पुढच्या जानेवारीत फोन कराल तेव्हा तो कागद हाताशी घेऊन करा.