आधी उजेडाची वाटणी करा

प्रश्न : कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले आमचे घर जुने, जाड भिंतींचे आहे. खाली सोपा, माजघर आणि स्वयंपाकघर, वर कौलारू माडी. सासू-सासरे, आम्ही दोघे, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा असे आम्ही सहा जण राहतो. पती आठवड्यातून तीन दिवस घरूनच लॅपटॉपवर काम करतात आणि मी शिवणकाम करते. उजेड सोप्यातच असल्यामुळे सगळे तिथेच बसतात. सासऱ्यांचा टीव्हीही तिथेच असल्याने संध्याकाळी कोणाचेच काम धड होत नाही. सोप्यात प्लायवुडचे पार्टिशन घालून दोन खोल्या कराव्यात का?

उत्तर : पार्टिशन घालू नका, असेच मी आग्रहाने सांगेन. पातळ प्लायवुडने फक्त नजर अडते, आवाज अडत नाही. म्हणजे टीव्ही दिसायचा थांबेल, पण ऐकू येतच राहील. शिवाय रस्त्याकडची खिडकी एका बाजूला गेली की दुसऱ्या बाजूला दिवसाही दिवा लावावा लागेल. तुमच्या घरात जागा कमी नाही, उजेड कमी आहे, आणि म्हणून आधी जागेची नव्हे तर उजेडाची वाटणी करायला हवी.

कागदावर किंवा कापडावर काम करणाऱ्याला दिवसाचा उजेड लागतो. ज्याचे काम पडद्यावर चालते त्याला तो तितका लागत नाही, उलट समोरून किंवा पाठीमागून येणारा प्रखर उजेड त्याच्या डोळ्यांना त्रासच देतो. या हिशेबाने सोप्यातली खिडकी तुमच्या शिलाई मशीनची आहे. गिऱ्हाईक मापे द्यायला दारातच येते, तेव्हा तेही सोयीचे पडेल. जे माजघर अंधारे म्हणून आजवर कोणी वापरले नाही, ते तुमच्या पतींच्या लॅपटॉपसाठी चांगले आहे. जाड भिंतींमुळे तिथे गारवा असतो आणि रस्त्यावरचा आवाजही कमी पोहोचतो. मात्र अंधारात केवळ पडद्याकडे पाहत बसणे डोळ्यांना शिणवते, म्हणून बाजूला एक दिवा असावा आणि लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी. अर्थात मग कीबोर्ड वेगळा घ्यावा लागेल. भिंतीत देवळी किंवा फडताळ असेल तर चार्जर आणि फायलींसाठी तेच वापरा, नवे कपाट करू नका.

मुलीला माडी द्या. कौलांखालची माडी एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तापते हे खरे, परंतु दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि अभ्यासाचे खरे महिने थंडीचे असतात. टेबल खिडकीला काटकोनात लावा आणि ती उजव्या हाताने लिहीत असेल तर उजेड डावीकडून येऊ द्या, म्हणजे हाताची सावली वहीवर पडणार नाही. खिडकी उत्तरेची असेल तर फारच उत्तम, कारण हिवाळ्यात तिच्यातून थेट ऊन येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. पश्चिमेची असेल तर दुपारनंतर जाड पडदा लागेल. टेबल २८ ते ३० इंच उंच आणि दोन फूट रुंद असले की पुरे. मुलाला त्याच मापाच्या टेबलावर बसवू नका. पाय अधांतरी लोंबत असतील तर सहावीतले मूल चुळबुळ करणारच. मांडी घालून बसायचे बैठे मेज त्याला अधिक मानवेल, आणि ते स्वयंपाकघराच्या दाराशी मांडले तर आजीच्या नजरेसमोर पाठांतर होईल.

सासऱ्यांना मात्र त्यांच्या जागेवरून हलवू नये, असे मला मनापासून वाटते. माडीचा जिना त्यांना झेपणार नाही आणि सोप्यातली ती खुर्ची म्हणजे त्यांचे बाहेरच्या जगाशी असलेले नाते आहे. संध्याकाळच्या बातम्यांचा एक तास त्यांचा म्हणून ठरवून टाका, त्या वेळी तुम्ही मशीन बंद ठेवा आणि त्यानंतर टीव्ही बंद राहील असे त्यांच्याशीच बोलून ठरवा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करून खेड्यातल्या मुलांना शिक्षणासाठी शहरात निवारा दिला, हे तुमच्या सासऱ्यांना वेगळे सांगायला नको. नातीच्या शिक्षणासाठी त्यांच्या पिढीचा माणूस एवढ्या तासापलीकडचा टीव्ही सोडायला सहज तयार होतो.

खर्च करायचाच असेल तर आधी वायरमन बोलवा. लॅपटॉपला साधारण ६५ वॅट लागतात, पण तुमची इस्त्री १००० वॅटची किंवा त्याहून अधिक असेल. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर चालवणे धोक्याचे आहे. इस्त्रीला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, सगळीकडे अर्थिंग आणि जमल्यास ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), एवढे झाल्यावर मग फर्निचरचा विचार करा.

प्रश्न : पंचगंगेजवळ आमचे तळमजल्यावरचे घर आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी घरात पाणी शिरले. मुलासाठी अभ्यासाचा कोपरा करायचा आहे, काय काळजी घ्यावी?

उत्तर : प्लायवुडचे पक्के टेबल करू नका, ते भिजले की फुगते. भिंतीला बिजागरीने जोडलेली, दुमडता येणारी फळी किंवा लोखंडी घडीचे टेबल घ्या, म्हणजे इशारा मिळताच ते उचलता येईल. भिंतीवर पुराची खूण अजून दिसत असेल तर सॉकेट तिच्या वर बसवून घ्या. कोरड्या वर्षीही पावसाळ्यात बाहेरच्या भिंती ओल धरतात, त्यामुळे पुस्तकांचे कपाट आतल्या भिंतीला आणि तेही चार बोटे अंतर सोडून ठेवा. गुणपत्रिका व दाखले जूनच्या आधीच वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे किंवा नातेवाइकांकडे नेऊन ठेवा आणि पाणी अंगणात येण्यापूर्वी मेन स्विच बंद करा.