लाईन थांबवायचा अधिकार कोणाकडे?

प्रिय मित्रा,

शिफ्ट इन्चार्ज झालास, मनापासून अभिनंदन. दर तासाला प्रत्येक मशीनचा रिपोर्ट ग्रुपवर मागवूनही रिजेक्शन, म्हणजे सदोष म्हणून बाद होणारा माल, हटत नाही, असं लिहिलं आहेस. तुझ्या मेहनतीबद्दल शंकाच नाही. पण तुझं लक्ष चुकीच्या जागी आहे, असं मला वाटतं.

एक उदाहरण सांगतो. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा गाड्यांचा कारखाना जनरल मोटर्सने १९८२ मध्ये बंद केला. गैरहजेरी, युनियनशी भांडणं, सदोष गाड्या, सगळंच हाताबाहेर गेलं होतं. काहीही होवो, गाड्या जोडत पुढे सरकणारी लाईन थांबवायची नाही, हा तिथला दंडक. एखादा भाग चुकीचा बसला तरी गाडी पुढे, दुरुस्ती शेवटी. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत ‘नुम्मी’ या नावाने तोच कारखाना पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. दोनेक वर्षांत तिथल्या गाड्या जपानच्या तोडीच्या झाल्या.

आता कामगारांच्या हाताशी एक दोरी होती. अडलं की ओढायची. धून वाजते, टीम लीडर धावत येतो, दोघं मिळून बघतात. सुटलं तर दोरी पुन्हा ओढायची, काम चालूच राहतं. नाही सुटलं, तर गाडी ठरलेल्या खुणेवर पोचताच लाईन थांबते.

म्हणून सगळं ढिलं सोड, असं मात्र समजू नकोस. तिथली शिस्त कडकच होती. आधी कुठला नट, हात कसा फिरवायचा, सगळं ठरलेलं. फक्त ते ठरवताना काम करणाऱ्यांना विचारलं जाई आणि अडचण सांगणाऱ्याला कोणी झापत नसे.

तुझ्या ग्रुपवर तासातासाला ‘ओके’ येतं. येणारच! कोणी अडचण कळवली, की तू सगळ्यांसमोर विचारतोस, ‘कोणामुळे झालं?’

ते रिपोर्ट बंद कर. सर्वात जास्त रिजेक्शन असलेलं एकच मशीन निवड. तिथल्या ऑपरेटरला मशीन थांबवायची मुभा दे. थांबलं की तू स्वतः जा आणि ‘काय अडलंय?’ एवढंच विचार. सुरुवातीला उत्पादनाचा आकडा खाली येईल, हे प्लांट हेडना आधीच सांगून ठेव. नाहीतर वरून फोन आला की तूच ऑपरेटरवर घसरशील, आणि पुन्हा तो मशीनला हात लावणार नाही.

सुरू केलंस की कळव. मी एकदा येऊन बघीन.

तुझा,
काका